आंतोन फ्रोंडेल: २९ सामन्यांत २५ गुण, पण एनएचएलमध्ये गोल किती करेल?

हिमगौरी | ९ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, या आठवड्यात स्वीडनच्या एसएचएलचा, म्हणजे तिथल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगचा, नवा मोसम सुरू होतोय. तीन मोसम खालच्या लीगमध्ये काढून आमचा स्टॉकहोमचा संघ यूरगोर्डेन पुन्हा वर आलाय. स्टॉकहोममध्ये राहून यूरगोर्डेनच्या होवेत रिंकच्या गार बाकांवर बसणाऱ्या आम्हा लोकांसाठी ही दिवाळीच आहे. पण धागा काढलाय तो आंतोन फ्रोंडेलसाठी.

जूनमध्ये एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या) लॉस एंजेलिसमधल्या ड्राफ्टमध्ये, जिथे संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात, शिकागोने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. नंतर करार करून एक वर्ष यूरगोर्डेनकडेच राहू दिलं. तेव्हापासून त्याच्याबद्दल दोन टोकाची मतं वाचतेय. काहींच्या मते तो शहाणा, भरवशाचा, आक्रमण आणि बचाव अशा दोन्ही बाजूंना खेळणारा सेंटर (मधल्या जागेचा आक्रमक) आहे, पण त्याच्याकडे सामना फिरवणारं आक्रमण नाही, त्यामुळे तिसरा क्रमांक फार वर झाला. दुसऱ्या बाजूचे लोक नुसते गुण दाखवतात. हॉकीआलस्वेन्स्कानमध्ये, म्हणजे पुरुषांच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये, १७ वर्षांच्या पोराने २९ सामन्यांत ११ गोल आणि १४ असिस्ट केले, मग अजून काय हवं, असं त्यांचं म्हणणं.

मला दोन्ही बाजू घाईच्या वाटतात.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते: गोल करणाऱ्याला एक गुण, आणि त्याआधी पक (आइस हॉकीतली रबरी चकती) देणाऱ्या दोघांपर्यंत प्रत्येकी एक असिस्ट, त्याचाही एकेक गुण. म्हणजे एका गोलमागे तीन जणांच्या नावावर गुण लागू शकतात. त्यामुळे २५ गुण म्हटल्यावर मी आधी विचारते की हे गुण आले कुठून.

फ्रोंडेलबद्दल मला जे दिसलं ते असं. मनगटाचा फटका जड आणि झटपट आहे. पक काठीवर आला की तो तयारीला वेळ घेत नाही, आणि गोलरक्षकाला जागा बदलायला जो क्षण लागतो तो मिळत नाही. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, आलेला पास न थांबवता थेट मारणं हे त्याचं मोठं शस्त्र आहे. साधारण १८५ सेंटीमीटर उंची आणि भक्कम बांधा, त्यामुळे रिंकभोवतीच्या फळ्यांपाशी मोठ्या माणसांशी झगडून पक राखतो. काठी कुठे घालायची हे त्याला कळतं, आणि समोरच्याकडून हिसकावलेल्या पकवर त्याच्या कित्येक संधी तयार होतात. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. आक्रमण म्हणजे फक्त पक आपल्याकडे असताना काय करतो एवढंच नाही. पक मिळवतो किती वेळा, हाही त्याचाच भाग आहे.

कमी काय? पहिल्या तीन पावलांत स्फोट नाही. मधल्या भागातून वेगाने बचावपटूंना मागे टाकत आत शिरणारा खेळाडू तो नाही. आणि तो पास उत्तम देतो, पण पासच्या जोरावर जगणारा खेळाडू नाही. माझ्या मते तो घडवणाऱ्यापेक्षा मारणारा जास्त आहे. त्याला सेंटर म्हणून तोलताना लोक नेमकं हेच विसरतात.

तुमचं मत सांगा. फक्त "तिसरा क्रमांक आहे म्हणजे मोठा होणारच" असं नको.

---

शिकागोकर | १० सप्टेंबर, सकाळी ६:१५

हिमगौरीताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. इथे आम्ही गेली काही वर्षं तळाशी बसून सामने बघतोय. गेल्या मोसमात शिकागोचे ६१ गुण झाले, लीगमध्ये खालून दुसरे. आमचा कॉनर बेडार्ड २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर आला, दोन मोसमांत ६१ आणि ६७ गुण केले, पण त्याच्या शेजारी पक आणून देणारं आणि नेटसमोर उभं राहणारं कुणी नाही.

म्हणून फ्रोंडेल घेतला तेव्हा मला आनंद झाला. बेडार्डला पक हातात ठेवायला आवडतं. त्याच्यासोबत कोपऱ्यात जाऊन पक काढणारा आणि पास आला की थेट फटका मारणारा हवा. तुमचं वर्णन वाचून वाटतंय की फ्रोंडेल विंगवर, म्हणजे कडेच्या जागेवर, जास्त गोल करेल. सेंटर म्हणून त्याला स्वतःच्या भागात खोल उतरावं लागेल, फेस-ऑफ (खेळ सुरू करताना पकसाठीची झुंज) घ्यावे लागतील, पक वर न्यावा लागेल, आणि तिथेच पहिल्या पावलांची उणीव उघडी पडेल. तुम्हाला काय वाटतं?

---

गणिती | १० सप्टेंबर, दुपारी १:०५

मी आकड्यांच्या बाजूने लिहितो.

सामन्यामागे गुण काढले तर फ्रोंडेल ०.८६. त्याच संघात, त्याच मोसमात व्हिक्टर एक्लुंडने ४२ सामन्यांत १९ गोल आणि १२ असिस्ट केले, म्हणजे ०.७४. एक्लुंड ड्राफ्टमध्ये सोळावा गेला, आयलंडर्सकडे. एक्लुंडचा जन्म ऑक्टोबर २००६ चा, फ्रोंडेलचा मे २००७ चा. सात महिने लहान असून सामन्यामागे गुण जास्त. या वयात सात महिने ही मोठी गोष्ट आहे, शरीर दर हिवाळ्याला बदलतं.

आता उलट बाजू. २९ सामने हा छोटा नमुना आहे. गुडघ्याच्या दुखण्याने मोसमाची सुरुवात हुकली होती. इतक्या कमी सामन्यांत तीन-चार फटके खांबाला लागून आत गेले की आकडा लगेच चढतो. एनएचएलमध्ये एकूण फटक्यांपैकी साधारण १० टक्क्यांच्या आसपास गोल होतात. चांगला नेमबाज त्याहून वर राहतो, पण एखाद्या मोसमात कुणीही वर किंवा खाली जाऊ शकतो. म्हणून तरुण खेळाडूचे गोल मोजण्यापेक्षा त्याने किती फटके मारले आणि कुठून मारले, हे मला जास्त सांगतं.

आणि एक उदाहरण देतो, कारण ते याच लीगमधलं आहे. २०१६-१७, टिमरो संघ. एलियास पेटरसन ४३ सामन्यांत ४१ गुण. त्याच्याच ओळीत (एकत्र खेळणाऱ्या तीन आक्रमकांत) योनाथन डालेन, ४५ सामन्यांत ४४ गुण. तक्त्यात दोघे जवळजवळ सारखे, डालेनचे गोल उलट जास्त. पुढच्या वर्षी पेटरसनने व्हेक्शोकडून एसएचएलमध्ये ४४ सामन्यांत ५६ गुण केले. त्या वयाच्या कुणाला हे आधी जमलं नव्हतं. मग व्हँकुव्हरमध्ये पहिल्याच मोसमात ६६ गुण आणि सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी, २०२२-२३ ला १०२ गुण. डालेनला एनएचएलमध्ये खरा एकच मोसम मिळाला, सॅन होजेकडून २२ गुण, आणि तो टिमरोला परतला.

आकडे दोघांचे सारखेच होते. ओळीतलं आक्रमण सुरू कोण करत होतं, हे त्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

---

सुमन_पुणे | १० सप्टेंबर, रात्री ८:२०

मला आइस हॉकी फारशी कळत नाही, पण भाचा स्टॉकहोमला असल्यामुळे हा धागा वाचतेय आणि फार आवडतोय. एक शंका. हा मुलगा खालच्या लीगमध्ये खेळला. मग त्या २५ गुणांची किंमत लावायची कशी? रणजीतल्या धावा आणि कसोटीतल्या धावा यांत जसा फरक करतो, तसं काही आहे का?

---

गणिती | १० सप्टेंबर, रात्री ९:०२

सुमनताई, अगदी तसंच. एका लीगमधून दुसऱ्या लीगमध्ये गेलेल्या शेकडो खेळाडूंचे आधीचे आणि नंतरचे गुण पाहून एक सरासरी दर काढतात. एसएचएलमधल्या गुणाला हॉकीआलस्वेन्स्कानमधल्या गुणापेक्षा वजन जास्त, आणि दोन्हींना एनएचएलपेक्षा कमी. पण तो दर सरासरी खेळाडूचा असतो. १७ वर्षांच्या मुलाला प्रशिक्षक चौथ्या ओळीत आठ मिनिटं देतो की पहिल्या ओळीत सतरा, याने सगळं गणित बदलतं. लेमंड आणि होल्ट्झची गोष्ट कुणीतरी लिहा, त्याहून चांगलं उदाहरण नाही.

---

गणिती | १० सप्टेंबर, रात्री ९:०४

वर "रेमंड" वाचावे.

---

केदार_नोव्हाय | ११ सप्टेंबर, पहाटे ५:५०

मी लिहितो. डेट्रॉईटच्या नोव्हाय उपनगरात राहतो, इथल्या रेड विंग्ज संघाचे सामने मुलीसोबत बघतो, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

२०२० च्या ड्राफ्टआधी स्वीडनचे दोन विंगर गाजत होते. फ्रोलुंडाचा लुकास रेमंड आणि यूरगोर्डेनचा अलेक्सांडर होल्ट्झ. दोघेही तेव्हा एसएचएलमध्ये. होल्ट्झने ३५ सामन्यांत ९ गोल आणि ७ असिस्ट केले, एकूण १६. रेमंडने ३३ सामन्यांत ४ गोल, ६ असिस्ट, एकूण १०. कागद बघून कुणीही होल्ट्झला निवडलं असतं. शिवाय होल्ट्झचा फटका त्या वर्गातल्या सर्वोत्तम फटक्यांपैकी एक होता, त्यात वाद नाही.

डेट्रॉईटने चौथ्या क्रमांकावर रेमंड घेतला, न्यू जर्सीने सातव्यावर होल्ट्झ.

रेमंडने पहिल्या मोसमात ५७ गुण केले. मग एक वर्ष ४५ वर घसरला, तेव्हा इथले लोक निराश झाले होते. पण २०२३-२४ ला ३१ गोलांसह ७२ गुण आणि गेल्या मोसमात ८०. होल्ट्झचा २०२३-२४ चा मोसम बघा: न्यू जर्सीकडून सगळेच्या सगळे ८२ सामने, १६ गोल, २८ गुण, आणि त्या उन्हाळ्यात त्याला व्हेगासला पाठवलं.

असं का झालं? माझं मत असं. रेमंडला फ्रोलुंडात बर्फावर वेळच कमी मिळायचा. तो विजेतेपदं जिंकणारा संघ होता, पोरांना पहिल्या ओळीत जागा नव्हती. होल्ट्झला जास्त मिनिटं आणि पॉवर प्ले मिळत होता. हा गुणांमधला फरक. पण खेळातला फरक याहून महत्त्वाचा. रेमंड पक मिळाल्यावर मान वर करून दोन-तीन पर्याय तयार करतो, बचावपटूला एका बाजूला ओढतो आणि मागच्या माणसाला जागा करून देतो. फटका बंद झाला तरी त्याच्याकडे दुसरं काहीतरी असतं. होल्ट्झला फटक्याची जागा कुणीतरी करून द्यावी लागायची. एनएचएलमध्ये ती जागा मिळायला अर्धा क्षणही उरत नाही.

हे बघायला तेव्हा एक सामना पुरेसा होता. २०१९ ची १८ वर्षांखालील विश्वस्पर्धा, अंतिम सामना स्वीडनमध्येच, ओर्नशोल्ड्सविकला, रशियाविरुद्ध. रेमंडची हॅटट्रिक, त्यातला तिसरा गोल ओव्हरटाइममध्ये. स्वीडनचं त्या स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण. एका सामन्यावर खेळाडू तोलू नये हे मान्य. पण बर्फावर वेळ मिळाला की तो काय करू शकतो, हे तिथे स्पष्ट दिसलं होतं.

आता हिमगौरीताई, माझा थेट प्रश्न. तुम्ही स्वतःच म्हणता फ्रोंडेल मारणारा जास्त आहे. मग तो होल्ट्झच्या वाटेने जाणार नाही हे कशावरून?

---

आडवाटेचा | ११ सप्टेंबर, दुपारी १२:३०

केदारचा प्रश्न रास्त आहे. मी गोथेनबर्गला असतो आणि स्वीडिश पोरांभोवती दर वर्षी उठणारा गाजावाजा बघून सावध झालोय.

माग्नुस पायार्वी आठवतो? टिमरोकडून २००८-०९ ला पुरुषांच्या लीगमध्ये १७ गुण, ड्राफ्टमध्ये दहावा, एडमंटन. त्याचा वेग विलक्षण होता, सगळे म्हणायचे की आक्रमण आपोआप येईल. एनएचएलमधल्या पहिल्याच मोसमात ३४ गुण केले. त्यानंतरच्या एकाही मोसमात त्याला तेवढे जमले नाहीत. म्हणजे जे फ्रोंडेलकडे नाही ते पायार्वीकडे भरपूर होतं, तरी गोल आले नाहीत. यातून मी दोन्ही बाजूंनी शिकतो. पहिल्या पावलांचा वेग नाही म्हणून फ्रोंडेलला खाली ढकलू नका. पण शरीर आणि फटका आहे म्हणून वरही चढवू नका.

दुसरी गोष्ट रिंकची. इथली बहुतेक रिंक ३० मीटर रुंद असतात, एनएचएलची २६ मीटर. चार मीटर कमी म्हणजे कडेला गोल फिरून वेळ काढायला जागा नाही. जो स्वीडनमध्ये बाहेरून खेळून गुण करतो, त्याचं तिकडे अवघड होतं. जो नेटसमोर आणि फळ्यांपाशी जगतो, त्याला उलट कमी अंतर कापावं लागतं. हा मुद्दा फ्रोंडेलच्या बाजूने जातो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

आणि योनाथन लेक्केरिमाकीकडे बघा. तोही यूरगोर्डेनचाच. २०२२ च्या १८ वर्षांखालील विश्वस्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू, व्हँकुव्हरने पंधराव्या क्रमांकावर घेतला. पुढच्या मोसमात याच खालच्या लीगमध्ये २९ सामन्यांत फक्त ९ गुण. आजारपण, दुखापती, आणि आत्मविश्वास गेलेला. लोकांनी निकाल लावून टाकला होता. त्यानंतर ओरेब्रूकडून एसएचएलमध्ये १९ गोल. आता कुठल्या वर्षावरून त्याला तोलायचं? एका मोसमाचा आकडा मी तरी तोलायला घेत नाही, चांगला असो की वाईट.

---

रानजाई | ११ सप्टेंबर, सायंकाळी ५:१०

वरच्या प्रतिसादाला +१. आणि जुळ्या सेडीन बंधूंना विसरू नका. १९९९ ला ड्राफ्टमध्ये दुसरा आणि तिसरा. मोडो या स्वीडिश संघात त्या मोसमात दानिएलचे ४२ गुण, हेन्रिकचे ३४. व्हँकुव्हरमध्ये पहिल्या वर्षी ३४ आणि २९. किती वर्षं त्यांना "मऊ" म्हणून हिणवलं गेलं. मग २००९-१० ला हेन्रिक ११२ गुणांसह अख्ख्या लीगमध्ये पहिला, आणि पुढच्या वर्षी दानिएल १०४ गुणांसह पहिला. मध्ये दहा वर्षं गेली. शिकागोतल्या मंडळींनी एवढा धीर धरावा अशी माझी कळकळीची विनंती.

---

शिकागोकर | ११ सप्टेंबर, सायंकाळी ६:४५

रानजाई, दहा वर्षं नको हो! पण मुद्दा पोचला.

---

हिमगौरी | ११ सप्टेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. एकेकाला उत्तर देते.

केदार, होल्ट्झच्या वाटेने का नाही, तर पक मिळवण्यामुळे. होल्ट्झला बर्फावर पक हातात येण्यासाठी दुसऱ्याची गरज लागायची, आणि तसा कुणी नसताना होल्ट्झ सामन्यातून हरवायचा. २०२०-२१ ला यूरगोर्डेनमध्ये तो विल्यम एक्लुंडसोबत खेळला, हा व्हिक्टरचा मोठा भाऊ. ४० सामन्यांत विल्यमचे २३ गुण, होल्ट्झचे १८. त्या जोडीत पक शोधणारा, कोपऱ्यातून निघणारा, दुसरी लाट आणणारा विल्यमच होता. फ्रोंडेलकडे होल्ट्झसारखा फटका आहे असं धरा, पण सोबत पक परत जिंकण्याची भूक आहे. सामना त्याच्यापासून लांब जात नाही. वाईट दिवशीही तो तीन-चार वेळा समोरच्याची काठी उचलून पक काढतो आणि त्यातून एखादी संधी उभी राहते. हा फरक मला निर्णायक वाटतो.

शिकागोकर, विंग की सेंटर याबद्दल तुमच्याशी सहमत, पण अर्धीच. गोलांसाठी विंग बरी, यात शंका नाही. पण त्याला आत्ताच सेंटरवरून काढू नये. सेंटरला खेळताना पक सोबत घेऊन मधून वर यावं लागतं आणि त्याची नेमकी तीच बाजू कच्ची आहे. १८ व्या वर्षी ती सुधारायची नाही तर कधी? एक वर्ष यूरगोर्डेनकडे राहू देण्याचा शिकागोचा निर्णय मला म्हणूनच पटला. एनएचएलमध्ये आला असता तर त्याला तिसऱ्या ओळीच्या विंगवर ठेवून "सुरक्षित खेळ" असं सांगितलं गेलं असतं, आणि सुरक्षित खेळणं त्याला आधीच येतं. त्याला चुका करायला जागा हवी.

गणिती, डालेन आणि पेटरसनचं उदाहरण फार नेमकं दिलंत. फक्त एक जोडते. पेटरसन नोव्हेंबर १९९८ चा, त्यामुळे टिमरोच्या त्या मोसमात तो बराच काळ १८ वर्षांचा होता. फ्रोंडेल गेला मोसमभर १७ चाच होता. याचा अर्थ फ्रोंडेल पुढचा पेटरसन आहे असा नाही. पेटरसनचं डोकं बर्फावर ज्या गतीने चालतं ते मला फ्रोंडेलमध्ये दिसलेलं नाही. पण ०.९५ आणि ०.८६ शेजारी ठेवताना वय शेजारी लिहायलाच हवं.

---

सुमन_पुणे | १२ सप्टेंबर, सकाळी ९:००

हिमगौरी, मग या मोसमात त्याने किती गुण केले तर चांगलं म्हणायचं? आम्हा नवख्यांना काहीतरी धरून बघता येईल असं सांग.

---

गणिती | १२ सप्टेंबर, सकाळी १०:४०

सुमनताई, मोजपट्टी देतो. ड्राफ्टनंतरच्या वर्षी एसएचएलमध्ये रेमंडने ३४ सामन्यांत १८ गुण केले होते, होल्ट्झने ४० मध्ये १८. लिओ कार्लसनने ड्राफ्टच्या वर्षी ओरेब्रूकडून ४४ मध्ये २५, आणि तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. पेटरसनचे ५६ हा अपवाद आहे, तो बाजूला ठेवा. त्यामुळे नुकत्याच वर आलेल्या संघात, जिथे बराच वेळ पक समोरच्याकडे असेल, फ्रोंडेलने ४० सामन्यांत २० ते २५ गुण केले तरी ते उत्तम आहे. वर्तमानपत्रं निराशा लिहितील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

---

हिमगौरी | १२ सप्टेंबर, रात्री ८:१५

गणितींच्या पट्टीशी सहमत, पण मी गुणांपेक्षा तीन गोष्टी बघणार आहे आणि इथे सामन्यांनंतर लिहीत जाईन. पाच विरुद्ध पाच असताना नेटसमोरच्या भागातून त्याचे फटके किती येतात. पॉवर प्लेवरचे गोल तो करेलच, ते मी वेगळे धरणार. मधल्या भागातून पक स्वतः घेऊन निळी रेघ (समोरच्या संघाच्या भागाची सीमा) ओलांडतो का, की दर वेळी पुढे टाकून मागे धावतो. आणि एसएचएलमधले तिशीतले बचावपटू त्याच्या अंगावर झुकले की पक टिकतो का, कारण खालच्या लीगमध्ये त्याला तिथे थोडी मोकळीक होती.

माझा अंदाज लिहून ठेवते. एनएचएलमध्ये स्थिरावल्यावर २५ ते ३० गोल करणारा, ६० ते ६५ गुणांच्या आसपासचा खेळाडू. ८० गुणांचा नाही. बेडार्डच्या शेजारी राहिला तर गोल थोडे वर जातील. आणि बाद फेरीत त्याची किंमत गुणांपेक्षा जास्त असेल, यावर मी ठाम आहे.

---

आडवाटेचा | १२ सप्टेंबर, रात्री ९:२०

माझा अंदाज २० गोल, ५० गुण, दुसऱ्या ओळीत. यूरगोर्डेन फ्रोलुंडाकडे खेळायला येईल तेव्हा मी स्कांदिनाविउममध्ये असेन. तुमच्या तीन गोष्टींपैकी निळ्या रेघेची नोंद त्या सामन्यात मी ठेवतो, तुम्ही बाकीच्या दोन ठेवा.

---

केदार_नोव्हाय | १३ सप्टेंबर, पहाटे ५:३०

२८ गोल, ६२ गुण, विंगवर. हिमगौरीताई, होवेतमधल्या पहिल्या सामन्याची टिपणं लवकर टाका, मुलगी रोज विचारतेय.